नाटक वर्गात उभं करा : नाटक शिकवणाऱ्यांना खुलं पत्र

नाटक शिकवणाऱ्या सर्व शिक्षकांना, नाटकं अभ्यासक्रमाला लावणाऱ्या अभ्यास मंडळांना आणि त्यांवर प्रश्न काढणाऱ्या परीक्षकांना,

सप्रेम नमस्कार.

मी नाटकं बसवतो. तालमीला येणाऱ्या मुलामुलींपैकी बहुतेकांनी शाळेत किंवा महाविद्यालयात एखादं तरी नाटक अभ्यासलेलं असतं. पहिल्या वाचनाला त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवते. नाटकाचा आशय काय, नायिकेच्या स्वभावाचे पैलू कोणते, शीर्षक समर्पक आहे का, हे ते भराभर सांगतात. उत्तरं चांगली असतात, पुष्कळदा स्वतः विचार करून दिलेली असतात. मग मी विचारतो, "हे वाक्य ती म्हणते तेव्हा तिचा नवरा कुठं आहे?" आणि सगळे पुस्तकात डोकं घालतात. नवऱ्याला त्या पानावर एकही वाक्य नसतं, त्यामुळे तो तिथं आहे हेच कोणाच्या ध्यानात आलेलं नसतं.

पण तो तिथं असतो. तीन पानं आधी आत आलेला असतो आणि अजून बाहेर गेलेला नसतो. बायको जे बोलते ते तो ऐकतो, आणि तो ऐकताना कसा दिसतो हे प्रेक्षक बघत असतात. नाटककाराने त्याला मुद्दाम थांबवून ठेवलेलं असतं. त्या प्रसंगावर वर्गात आठवडाभर चर्चा झाली असेल आणि हा माणूस कोणालाच दिसला नसेल, तर प्रसंगाचा निम्मा भाग न वाचताच राहिला.

यात मुलांचा दोष नाही. हा प्रश्न त्यांना कधी कोणी विचारलेलाच नसतो. म्हणून हे पत्र त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी आहे.

माझी मागणी साधी आहे. नाटक शिकवताना ते जिवंत माणसांनी, जिवंत माणसांसमोर, एका ठरावीक जागेत करायचं आहे हे पहिल्या तासापासून धरून चला. आशय, व्यक्तिरेखा, सामाजिक संदर्भ हे प्रश्न विचारूच नका असं मी म्हणत नाही. पण फक्त तेवढेच विचारले तर नाटक म्हणजे संवादात लिहिलेली कादंबरी होऊन बसते, आणि कादंबरी म्हणून ते नेहमीच कमी पडतं. कादंबरीकार पात्राच्या मनात शिरून दोन पानं लिहू शकतो. नाटककाराच्या हातात असतात माणसं, त्यांची शरीरं, त्यांचा आवाज, त्यांच्यामधलं अंतर आणि समोर बसलेला प्रेक्षक. त्याने ज्या साधनांनी लिहिलं ती साधनंच वर्गात येऊ दिली नाहीत, तर त्याने काय लिहिलं ते कसं कळणार?

एक उदाहरण जरा सविस्तर घेतो, कारण ते अनेकांनी शिकवलेलं आहे. विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. 1967 साली 'रंगायन' या नाट्यसंस्थेने ते केलं, अरविंद देशपांडे यांच्या दिग्दर्शनाखाली, आणि खेळ म्हणून मांडलेल्या खोट्या खटल्यात आरोपी केली जाणारी शिक्षिका लीला बेणारे झाल्या होत्या सुलभा देशपांडे. या नाटकावर ठरलेले प्रश्न येतात : बेणारेचं व्यक्तिचित्र, मध्यमवर्गाची दांभिकता, अभिरूप न्यायालयाचं प्रयोजन. आणि शेवटचं तिचं लांबलचक स्वगत 'संदर्भासह स्पष्टीकरणा'ला येतं.

आता ते स्वगत रंगमंचावर कसं घडतं ते बघा. आरोपीला बोलण्यासाठी दहा सेकंदांची मुदत दिली जाते. प्रकाश बदलतो, बाकीची सगळी पात्रं होती तशी गोठतात, आणि बेणारे बोलू लागते. बोलतच राहते. आयुष्य, शरीर, प्रेम, शाळेतली मुलं, सगळं बाहेर येतं. मग पुन्हा पहिल्यासारखा प्रकाश येतो, पात्रं हलू लागतात, आणि न्यायाधीश झालेले काशीकर मुदत संपल्याचं जाहीर करतात. कोर्टाच्या लेखी आरोपी दहा सेकंद गप्प होती. तिने काहीच सांगितलेलं नाही.

म्हणजे ती कोणाशी बोलली? रंगमंचावरच्या एकाही माणसाने तिचा शब्द ऐकलेला नाही. ऐकला तो फक्त अंधारात बसलेल्या प्रेक्षकांनी. तिची साक्ष ज्यांच्या कानांवर पडली त्यांना कोर्टात उठून बोलायची सोय नाही, आणि ज्यांच्या हातात निकाल आहे त्यांच्यापर्यंत ती पोचलेलीच नाही. प्रेक्षागृहातल्या माणसाची ही जी अडचण होते, तिथं या नाटकाचा सगळा भार आहे. आणि ती अडचण स्वगताच्या एकाही वाक्यात लिहिलेली नाही. ती आहे गोठलेल्या शरीरांत, दोन वेळा बदलणाऱ्या प्रकाशात आणि घड्याळाच्या दोन निरनिराळ्या वेगांत. विद्यार्थी ते भाषण उतारा म्हणून वाचतो तेव्हा त्याला बेणारेचे विचार कळतात. त्या विचारांचं काय झालं, ते मात्र कळत नाही.

याच नाटकातला दरवाजाही असाच आहे. सुरुवातीलाच त्याच्या कडीत बेणारेचं बोट सापडतं, कडी नीट सरकवली नाही तर दार बाहेरून लागून बसतं अशी माहितीही येते. वाचताना ही किरकोळ गंमत वाटते. पुढे ती सगळं सोडून निघून जायला दाराशी जाते आणि दार उघडत नाही, तेव्हा त्या कडीचं मोल समजतं. पहिल्या वेळेपासून तिच्या दुखऱ्या बोटाकडे आणि त्या दाराकडे प्रेक्षकाचं लक्ष वेधून ठेवलेलं असतं. वर्गात कोणी एकदा खरोखरच दारापर्यंत चालत जाऊन ते ओढून बघितलं, तर हे समजायला दोन मिनिटं लागतात.

या पद्धतीने वाचण्याला नाटकाचा काळ, भाषा, परंपरा कसलीही आडवी येत नाही. 'हॅम्लेट'चं पहिलंच वाक्य घ्या. मध्यरात्री पहारा बदलतोय. "कोण आहे तिकडे?" हा प्रश्न खरं तर पहाऱ्यावर उभ्या असलेल्या फ्रान्सिस्कोने विचारायचा. विचारतो मात्र बर्नार्डो, जो त्याला मोकळा करायला येतोय. फ्रान्सिस्को त्याला उलट दटावतो की उत्तर तू दे. चार शब्दांत नाटककाराने सांगितलं की या किल्ल्यात काहीतरी बिनसलंय, माणसं घाबरलेली आहेत, कोण कोणाला विचारतंय याचाच मेळ राहिलेला नाही. आणि शेक्सपिअरच्या काळी हे उघड्या नाट्यगृहात, दुपारच्या लख्ख उजेडात चालायचं. काळोख आणायला दिवे मालवायची सोय नव्हती. तो त्या दोन नटांच्या आवाजातून आणि अडखळत्या पावलांतून आणायचा होता. मुलांना हे एकदा सांगा आणि मग त्या दहा ओळी भर उजेडात म्हणायला लावा. टीपांमध्ये सापडणार नाहीत अशा गोष्टी त्यांच्या त्यांनाच दिसतील.

मुलांना सगळ्यात कमी शिकवलं जातं ते मौनाविषयी. छापील पानावर मौनाला जागाच नसते, म्हणून ते अभ्यासातही येत नाही. शेक्सपिअरच्या 'मेझर फॉर मेझर' या नाटकाच्या शेवटी ड्यूक इझाबेलाला लग्नाची मागणी घालतो, एकदा नव्हे, दोनदा. जोगीण व्हायला निघालेली ही मुलगी त्यावर काय म्हणते? काहीच नाही. तिला त्यानंतर एकही ओळ नाही. पुष्कळ काळ रंगमंचावर ते मौन म्हणजे होकार असंच धरलं गेलं. 1970 साली जॉन बार्टन यांनी रॉयल शेक्सपिअर कंपनीसाठी हे नाटक केलं तेव्हा इझाबेला शेवटी एकटीच मंचावर उरली, उत्तर न देता. त्यासाठी संहितेत एक शब्दही बदलावा लागला नाही. पण सुखान्त नाटक म्हणून ज्याची वर्गवारी झालेली होती, ते एकदम अस्वस्थ करणारं झालं. इझाबेलाचं व्यक्तिचित्र लिहायला सांगितलेला विद्यार्थी तिच्या संवादांतूनच लिहील आणि हा शेवटचा क्षण सोडून देईल, कारण तिथं अधोरेखित करायला काही नाही. तिथंच त्याला थांबवायला हवं.

सॅम्युअल बेकेटच्या 'वेटिंग फॉर गोदो'च्या दोन्ही अंकांच्या शेवटी एक पात्र म्हणतं, निघायचं का? दुसरं म्हणतं, चल, निघू या. आणि खाली रंगसूचना : ते हलत नाहीत. संवाद एक सांगतात, शरीरं दुसरंच. रंगसूचना गाळून वाचायची सवय लागलेला वाचक ही दोन माणसं निघून गेली असंच समजेल. अशी सवय आपण लावतो, हे मला फार खुपतं. कंसातला तिरका मजकूर वर्गात मोठ्याने वाचलाच जात नाही. 'आत येतो', 'थांबते', 'पाठमोरा', 'कपबशी खाली ठेवते', हे सगळं मनातल्या मनात ओलांडून मुलं पुढच्या संवादाकडे जातात.

भरताने 'नाट्यशास्त्र' या ग्रंथात अभिनयाचे चार प्रकार सांगितले : आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक. आपल्या वर्गात यातला फक्त वाचिक येतो, तोही आवाजाशिवाय, डोळ्यांनी वाचलेला. शरीर नाही, वेश नाही, नेपथ्य नाही, घाम-कंप-अश्रू नाहीत. त्याच ग्रंथाचा दुसरा अध्याय प्रेक्षागृह कसं बांधावं, त्याची मापं काय असावीत यावर आहे. नाटक कशाला म्हणायचं हे सांगायला बसलेल्या माणसाला प्रेक्षक कुठं बसणार हे इतक्या लवकर सांगावंसं वाटलं. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त दोन नाट्याचार्यांत श्रेष्ठ कोण असा वाद लागतो. निर्णय द्यायला बसलेली परिव्राजिका, म्हणजे संन्यासिनी, म्हणते, "प्रयोगप्रधानं हि नाट्यशास्त्रम्", मग नुसत्या बोलण्याने काय साधणार! मग दोघांच्या शिष्यांनी करून दाखवायचं ठरतं. गुरूंची परीक्षा शिष्यांच्या प्रयोगावरून. ही गोष्ट मी कोणाला टोमणा म्हणून सांगत नाही. प्रयोगातून नाटक समजून घेणं हा परदेशातून आलेला नवा शैक्षणिक फॅड नाही, एवढंच त्यातून सांगायचं आहे.

संगीत नाटक शिकवतानाही तेच होतं. पदं कविता म्हणून शिकवली जातात : अलंकार कोणता, वृत्त कोणतं. पण छापील आठ ओळींचं पद गायला लागलं की रंगमंचावरचा काळ ताणला जातो, कथा थांबते. त्या वेळी समोर बसलेलं दुसरं पात्र काय करतं? त्याने हे गाणं ऐकायचं आहे, की ते त्याला ऐकूच येत नाही असं धरायचं आहे? हा प्रश्न सोडवल्याशिवाय तो प्रवेश बसत नाही, आणि मला वाटतं, समजतही नाही.

आता 'घाशीराम कोतवाल'. 1972 साली पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशनने केलेल्या, जब्बार पटेल दिग्दर्शित प्रयोगात नटांची एक रांग होती. ती गाते, नाचते, भिंत होते, पडदा होते, मागे काय चाललंय ते झाकते आणि हवं तेव्हा उघडं करते. पुस्तकात हे वाचताना कंटाळा येतो, कारण रांगेला पानावर फारसं काही म्हणायचं नसतं. मंचावर ती रांग सतत डोळ्यांपुढे असते. सत्ता ज्या गोष्टी लपवते त्या जिवंत माणसांच्या पाठींआड लपवते, हे त्या नाटकाने एका वाक्यातही न सांगता दाखवलं. 'नाटकातील सत्तेचं चित्रण' असा प्रश्न काढून त्या रांगेविषयी एक अक्षर न लिहिता पूर्ण गुण मिळवता येत असतील, तर प्रश्नातच काहीतरी चुकलं आहे.

तुमच्यापैकी काही जण लगेच विचारतील : मग काहीही चालेल का? प्रत्येक मुलाने आपापल्या मनातलं नाटक उभं करायचं आणि आपण माना डोलवायच्या? ही शंका रास्त आहे. त्याचं उत्तर 'मॅक्बेथ'च्या मेजवानीच्या प्रवेशात मिळतं. राजा झालेल्या मॅक्बेथने आपला साथीदार बँको याचा खून करवलेला आहे आणि त्याचं भूत येऊन मॅक्बेथच्या जागेवर बसतं. 1623 सालच्या पहिल्या फोलिओत, म्हणजे शेक्सपिअरच्या नाटकांच्या पहिल्या छापील संग्रहात, तशी स्पष्ट रंगसूचना आहे. तरीही कित्येक दिग्दर्शकांनी ती खुर्ची रिकामी ठेवली आहे. वर्गाला विचारा : तुम्ही काय कराल?

नट बसवला, तर मॅक्बेथला जे दिसतं ते आपल्यालाही दिसतं. आपण त्याच्या डोक्यात शिरतो, आणि बाकीचे पाहुणे आपल्याला आंधळे वाटतात. खुर्ची रिकामी ठेवली, तर आपण पाहुण्यांबरोबर बसतो आणि एक राजा रिकाम्या जागेकडे बघून किंचाळताना बघतो. दोन वेगळी नाटकं झाली. पहिल्या बाजूला रंगसूचना आहे. दुसऱ्या बाजूला लेडी मॅक्बेथचं म्हणणं आहे, की तू नुसत्या एका आसनाकडे बघतोयस. मॅक्बेथचे भुताला उद्देशून असलेले संवादही तपासावे लागतात. म्हणजे जो मुलगा जी बाजू घेईल त्याला संहितेत परत जावं लागतं, ओळ न् ओळ पारखावी लागते, आणि आपल्या निवडीने पुढच्या प्रवेशात काय अडचण येते तेही सांगावं लागतं. 'मला असं वाटतं' एवढ्यावर सुटका होत नाही. उलट सारांश लिहिणाऱ्या विद्यार्थ्यापेक्षा हा विद्यार्थी मूळ शब्दांच्या कितीतरी जवळ जातो. तालमीत आम्ही एकेका शब्दावर तासभर अडतो, ते भाषेवरच्या हौसेने नव्हे. तो शब्द कोणाला तरी उद्या लोकांपुढे म्हणायचा असतो.

संहिता तीच राहून नाटक पडतं आणि उभंही राहतं, हे मुलांना इतिहासातूनही कळायला हवं. चेखॉव्हचं 'सीगल' 1896 साली पीटर्सबर्गला पहिल्यांदा झालं तेव्हा दणकून आपटलं. प्रेक्षक भलत्याच ठिकाणी हसले, लेखकाला परत नाटक लिहू नये असं वाटलं. दोनच वर्षांनी, 1898 साली, मॉस्को आर्ट थिएटरने स्तानिस्लाव्हस्की आणि नेमिरोविच-दान्चेन्को यांच्या दिग्दर्शनाखाली ते केलं आणि त्या संस्थेचं नावच त्या नाटकाशी जोडलं गेलं. मधल्या काळात बदललं ते काय? तालमींचा वेळ, नटांचा एकमेकांशी असलेला मेळ, विरामांकडे आणि आवाजांकडे बघायची दृष्टी. साहित्याच्या इतिहासात हे नाटक एका ओळीत येतं : लेखक, वर्ष, विशेष. ते दोनदा जन्मलं हे त्या ओळीत बसत नाही.

मला अडचणी माहीत आहेत. वर्गात मुलं भरपूर, तास छोटा, अभ्यासक्रम संपवायचा असतो, बाकं जमिनीला ठोकलेली असतात. काही शिक्षक म्हणतात, आम्ही काही नट नाही. नसायलाच हवं असंही नाही, असायलाच हवं असंही नाही. स्नेहसंमेलनातलं नाटक बसवा असं मी सांगत नाहीये. पाठांतर नको, वेशभूषा नको, चांगला अभिनय तर मुळीच नको. चांगला अभिनय करणारी दोन मुलं पुढे आली की बाकीचा वर्ग प्रेक्षक होऊन सुस्तावतो, हा माझा अनुभव आहे. अडखळत वाचणारी मुलं जास्त शोधून काढतात.

करायचं इतकंच. अख्खं नाटक तुम्ही नेहमीसारखंच शिकवा. त्यातली दोन-तीन पानं मात्र उभं राहून करा. खडूने जमिनीवर जागा आखा : दार इथं, खिडकी तिथं, प्रेक्षक या बाजूला. एकाने फक्त रंगसूचना मोठ्याने वाचायच्या. एकाने फळ्यावर नकाशा काढून कोण कुठून कुठं गेलं त्याच्या रेघा ओढायच्या. एकाने फक्त अशा पात्राकडे बघायचं ज्याला संवाद नाही, आणि शेवटी त्याने काय काय ऐकलं ते सांगायचं. लाजऱ्या मुलांना या कामांत जागा मिळते, आणि खूपदा तीच मुलं सर्वांत नेमकं बोलतात. मग तोच प्रवेश दुसऱ्या गटाने करायचा, एक गोष्ट बदलून. बसलेल्याला उभं करा. दोघांमधलं अंतर दुप्पट करा. शेवटच्या वाक्याआधी पाच सेकंद थांबा. आणि वर्गाला विचारा : अर्थ कुठं हलला?

आणखी एक प्रयोग मला विशेष आवडतो. शेक्सपिअरच्या काळात नटाच्या हातात पूर्ण संहिता नसायची. त्याला मिळायचे फक्त स्वतःचे संवाद आणि प्रत्येक संवादाआधीचे समोरच्याचे शेवटचे दोन-चार शब्द, म्हणजे त्याचा क्यू. एखादा प्रवेश असा कापून मुलांना वाटा. आपला क्यू कधी येणार हे माहीत नसल्यामुळे प्रत्येक जण जिवाचा कान करून ऐकू लागतो. समोरचं पात्र आपल्याविषयी काय बोलणार आहे हे त्याला पहिल्यांदाच, सगळ्यांदेखत कळतं, आणि चेहरा खरोखर बदलतो. नाटकातलं ऐकणं हेही काम आहे, हे शिकवायला मला याहून सोपा मार्ग सापडलेला नाही.

चित्रफितींबद्दल थोडं. आता बऱ्याच नाटकांची चित्रणं मिळतात आणि ती वर्गात दाखवली की काम झालं असं वाटू शकतं. दाखवा, जरूर दाखवा. पण कॅमेरा कोणाकडे बघायचं ते आधीच ठरवून टाकतो. बोलणाऱ्याचा चेहरा जवळून दाखवतो आणि ऐकणारा चौकटीबाहेर जातो. म्हणजे आपण ज्या सवयीतून मुलांना बाहेर काढू बघतोय तीच पक्की होते. शक्य असेल तर एकाच प्रवेशाची दोन वेगळ्या प्रयोगांतली चित्रणं लागोपाठ दाखवा, एकदा तरी आवाज बंद करून. आणि वर्षातून एकदा तरी मुलांना खरा प्रयोग दाखवायला न्या, मग तो हौशी संघाचा असला तरी चालेल. शेजारचा माणूस हसला म्हणून आपल्यालाही हसू येणं, एखाद्या वाक्यानंतर अख्खं सभागृह श्वास रोखून बसणं, नटाची ओळ विसरली आणि सहनटाने ती सांभाळून घेतली हे समजणं, यातलं काहीच पडद्यावर येत नाही.

अभ्यास मंडळांना माझं स्वतंत्र सांगणं आहे. पाठ्यपुस्तकात नाटकाचा उतारा छापताना रंगसूचना छाटू नका. जागा वाचते हे खरं, पण मग तो उतारा नाटकाचा राहत नाही. शक्य तिथं प्रयोगाची छायाचित्रं द्या, नेपथ्याचा आराखडा द्या, पहिला प्रयोग कोणी आणि कुठल्या साली केला ते द्या. एखाद्या नाटकाची रंगावृत्ती, म्हणजे प्रयोगासाठी तयार केलेली संहिता, उपलब्ध असेल तर मूळ संहिता आणि रंगावृत्ती यांतली दोन पानं शेजारी शेजारी छापा : काय गाळलं, काय पुढे-मागे केलं, का केलं असेल. इब्सेनच्या 'अ डॉल्स हाउस'च्या शेवटी नोरा घर सोडून जाते आणि खालून दार बंद झाल्याचा आवाज येतो. जर्मनीत तिथल्या एका अभिनेत्रीने असा शेवट करायला नकार दिला, तेव्हा इब्सेनने स्वतःच दुसरा शेवट लिहून दिला, ज्यात नोरा मुलांसाठी थांबते. दुसऱ्या कोणी आपली संहिता मोडण्यापेक्षा आपणच मोडलेली बरी, असा त्यामागे हिशेब होता, आणि ते त्याला सलत राहिलं. मुलांना हे दोन्ही शेवट द्या. लेखक, नट आणि प्रेक्षक यांची ओढाताण कशी असते हे त्यांना कुठल्याही प्रस्तावनेपेक्षा लवकर कळेल.

आणि परीक्षकांनो, खरी किल्ली तुमच्याकडे आहे. जे विचारलं जातं तेच शिकवलं जातं. शिक्षकाने कितीही मनापासून प्रवेश उभा केला तरी प्रश्नपत्रिकेत 'व्यक्तिचित्र रेखाटा' एवढंच येणार असेल, तर मार्च जवळ आला की तो खडू पुसून टाकणार. म्हणून एक प्रश्न बदला, एकच. दीड पानाचा उतारा द्या आणि विचारा : या प्रवेशात मंचावर कोण कोण आहे? ज्याला संवाद नाही असं एक पात्र निवडा आणि या दीड पानात ते काय करत असेल ते संहितेच्या आधाराने लिहा. किंवा : या उताऱ्यातला सर्वांत लांब विराम तुम्ही कुठं घ्याल, आणि तो अन्यत्र घेतला तर अर्थात काय फरक पडेल? याची उत्तरं मार्गदर्शकांमध्ये छापून ठेवता येत नाहीत. तपासायला जड आहेत, मान्य. पण गुण द्यायला निकष आहेत : विद्यार्थ्याने ओळींचा आधार दिला का, प्रेक्षकाला काय दिसेल आणि ऐकू येईल ते सांगितलं का, आपल्या निवडीने पुढचा भाग बिघडतो का हे पाहिलं का.

नाटक करणाऱ्यांनीही यात मागे राहू नये असं मला वाटतं. आमच्यातले प्रकाशयोजना करणारे, नेपथ्य लावणारे, विंगेत उभं राहून प्रॉम्प्टिंग करणारे लोक संहितेविषयी जे सांगू शकतात ते मोठमोठ्या समीक्षेत सापडत नाही. प्रॉम्प्टरला प्रत्येक विरामाची लांबी माहीत असते, कारण विसरलेला नट आणि थांबलेला नट यांतला फरक त्याला क्षणात ओळखावा लागतो. अशा माणसाला एका तासासाठी वर्गात बोलवा. बहुतेक जण आनंदाने येतील.

माझ्यापुरतं सांगतो. असा एक प्रश्न तुमच्या प्रश्नपत्रिकेत आला, तर नमुना उत्तरं तयार करायला, शिक्षकांबरोबर दोन-तीन प्रवेश उभे करून बघायला आणि पहिल्या वर्षीच्या उत्तरपत्रिका तुमच्यासोबत बसून वाचायला मी तयार आहे. माझ्याबरोबर काम करणारे आणखी काही जणही तयार आहेत. उतारा तुम्ही निवडा.

आपला,
एक नाट्यदिग्दर्शक